चार गाण्यांचं दुखणं

तिसरं गाणं सुरू झालं आणि नायक पुन्हा जिन्यावर जाऊन बसला. दातांची डॉक्टर शेवटच्या रांगेतून बघत होती. जिना तिच्याच दवाखान्याचा होता. चित्रीकरण चाललं तेव्हा तिचे पेशंट सुजलेले गाल धरून मागच्या दाराने येत होते.

सिनेमा वीस-बावीस मिनिटांचा, त्यात गाणी चार. मुलगी मुलाला सोडून जाते आणि तो गात सुटतो. गच्चीवर गातो, पुलावर गातो, जिन्यावर तर दोनदा. गोष्ट डॉक्टरच्या नवऱ्याची, दिग्दर्शन त्याचं, आणि हा दर्द दुसऱ्या कुणाला जमायचा नाही म्हणून गळाही त्याचाच.

तो मात्र पडद्याकडे बघतच नव्हता. दाराशी उभा राहून तिसऱ्या रांगेतल्या एका बाईकडे बघत होता. ती कोण, हे डॉक्टरला ठाऊक होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याने सांगून टाकलं होतं, "प्रेम मी आयुष्यात एकदाच केलं." तेव्हापासून त्या बाईने उंबरा न ओलांडता घरात ठाण मांडलं होतं. भाजीत मीठ कमी पडलं तरी नवरा सुस्कारा तिच्या नावाने सोडायचा.

बाईने गालावर हात ठेवला, डोळे मिटले. दाराशी नवऱ्याने छाती भरून श्वास घेतला.

दिवे लागले. ओळखीपाळखीत पडतात तेवढ्या टाळ्या पडल्या. बाहेर चहाच्या टेबलापाशी ती बाई सरळ डॉक्टरकडेच आली. डॉक्टरने हातातला कप खाली ठेवला.

"तुम्ही दातांच्या डॉक्टर ना? आत कुणी तरी म्हणालं. जरा बघता का? अक्कलदाढ असावी. दोन रात्री झोप नाही. त्या तिसऱ्या गाण्यात तर जीव नकोसा झाला."

डॉक्टरने मोबाइलचा दिवा लावला. बाईने आ वासला. इतकी वर्षं जिच्यावर आपण मनातल्या मनात जळलो, ती तोंड उघडून समोर उभी होती. खालची दाढ, अर्धी हिरडीतच अडकलेली. हिरडी लालबुंद.

"उद्या सकाळी दवाखान्यात या. तोवर मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरा."

"बरं झालं बाई, भेटलात." तिने ओठ टिपले. "सिनेमा तुमच्या मिस्टरांचा ना? चांगलाय. पण त्या मुलीचं काय चुकलं हो? तो तिच्याशी धड बोलतसुद्धा नाही, नुसता मागे मागे गात फिरतो. तिला बिचारीला कळावं तरी कसं?"

"तुम्ही दोघं एका वर्गात होतात ना?"

"बोलावलं तेव्हा फोनवर म्हणाले खरे तसं. मला काही चेहरा आठवेना." बाईने आवाज खाली आणला. "सांगू नका हं त्यांना. उगीच वाईट वाटेल."

ज्या प्रेमापायी आपल्या संसाराला कीड लागली, ते हिच्या गावीही नव्हतं. डॉक्टर तिच्या पाठमोऱ्या पदराकडे बघत राहिली.

बाई गेली तसा नवरा खांबाआडून आला. डोळे लाल, भर उन्हाळ्यात गळ्यात मफलर.

"काय म्हणाली? बराच वेळ बोलत होतीस."

सगळं तिच्या जिभेवर आलं. एका वाक्यात चारही गाण्यांचा निकाल लागला असता. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. रागवावं, एवढाही तो तिला मोठा वाटेना.

"दुखतंय म्हणाली."

"खूप?"

"झोप लागत नाही म्हणाली."

वर्गात पहिला आलेल्या पोरासारखा त्याचा चेहरा फुलला. "वाटलंच मला," तो पुटपुटला. त्याने मफलर सारखा केला, मान तिरकी केली, आणि आवाजात तोच तो कंप आणून विचारलं, "आता मी काय करू गं?"

"पाचवं गाणं लिही," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.