बायांचा चौथा दिवस

मृणालीने उन्नतीचा श्वास तिसऱ्यांदा मोजला. मोबाइलवर सेकंद धावत होते आणि ती पोरीच्या उघड्या पोटाकडे बघत होती. मिनिटाला बासष्ट. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

ती बाहेरच्या खोलीत आली.

"बासष्ट झालेत, पप्पा. सकाळी पन्नास होते. तीन वर्षांच्या पोरीचे चाळीसच्या वर गेले की दवाखान्यात न्यायचं असतं."

केसरीनाथ, तिचा सासरा, सोफ्यावर बसून गोदामाचा भाडेकरार वाचत होता. त्याने मान वर केली नाही.

"घरात बाया आल्यात. उद्या पाचवा दिवस, उद्या पाठवनी. पावन्याला कोनी दारातून हाकलतं का?"

"गोवर आहे हा. छातीत उतरलाय."

"तुमच्या कॉलेजात गोवर. आमच्यात बाया, देवी हायेत त्या. दवा दिली का कोपतात. मनोजला पन आल्या व्हत्या. मेला का तो?"

मनोज दारातच उभा होता. बी.कॉम. झालेला, गोदामात चाळीस माणसांवर ओरडणारा तिचा नवरा. आत्ता पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत होता.

"मनोज, बोल ना काहीतरी."

"एका दिवसाचाच प्रश्न आहे, मृणाली. पप्पा सांगतात तर थांबू."

सकाळी ती एकटीच पोरीला घेऊन रस्त्यापर्यंत गेली होती. पूर्णा गावातल्या दोन रिक्षावाल्यांनी तिला ओळखलं आणि दोघांनीही हात जोडले. बाया आलेलं पोर, त्यातून केसरीनाथची नात. त्यांना गावात राहायचं होतं.

ती आतल्या खोलीत परतली. सासू हौसा उशाशी बसून कडुनिंबाच्या डहाळीने पोरीला वारा घालत होती. कोपऱ्यात कलश, त्यापुढे दहीभात. घरात चार दिवस फोडणी नव्हती, तेल नव्हतं, औषध नव्हतं. उन्नतीच्या ओठांभोवती निळसर कड आली होती.

मृणालीने केसांची क्लिप काढली.

दर जत्रेत तिने अंगात आलेल्या बायकांना पाहिलं होतं. आधी श्वास, मग मान, मग केस. ती कलशापुढे बसली आणि घुमायला लागली. पहिल्या दोन झटक्यांना लाज वाटली. तिसऱ्याला वाटली नाही. चार दिवस दाताखाली धरलेलं सगळं घशातून बाहेर आलं आणि तो आवाज ऐकून तीच दचकली.

केसरीनाथ धावत आला. त्याच्यामागे मनोज.

"कोन हायेस, माय?" केसरीनाथने विचारलं. आवाज पडला होता, पण डोळे बारीक होते.

"मला कोन विचारतोस? पोर माझी हाय. तिला दवाखान्यात ने. आत्ता ने."

"दवाखान्यात?" तो म्हणाला. "असं कधी बोलली न्हाय बाय."

गाउनवरची ओढणी खांद्यावरून घसरली. सासरा समोर. मृणालीचा हात आपोआप वर गेला, ओढणी सावरायला, पाच वर्षं जात होता तसा.

केसरीनाथ त्या हाताकडे बघत राहिला.

हौसाने डहाळी खाली ठेवली. तिने तो हात अर्ध्यावरच धरला, मांडीवर दाबला आणि कलशापुढचं कुंकू मूठभर उचलून मृणालीच्या कपाळावर फासलं.

"बघता काय नुसते?" ती नवऱ्याला म्हणाली. "बाय बोलली. गाडी काढा."

वीस मिनिटांत ते भिवंडीच्या नाक्यावरच्या मुलांच्या दवाखान्यात होते. चार दिवस ज्याला एक दिवसाचा प्रश्न वाटत होता, त्या मनोजने गाडी दोन सिग्नल तोडून आणली.

उन्नतीच्या नाकावर ऑक्सिजनचा मास्क बसला, हाताला सलाईन लागली. डॉक्टरीण बाहेर आली आणि तिने कुंकवाने माखलेल्या, केस सुटलेल्या मृणालीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आई तुम्ही? न्यूमोनिया आहे. पाच दिवस तरी ठेवावं लागेल. चार दिवस काय करत होतात? शिकलेल्या दिसत नाही."

मृणाली काचेतून उन्नतीचे श्वास मोजायला लागली.

डॉक्टरीण आत गेल्यावर केसरीनाथने घसा खाकरला. "सुई टोचली, दवा दिली. बायचा शब्द राहिला. आता सांजच्याला घरी नेऊ. उद्या पाठवनी हाय, सगळ्यांना आमंतनं गेलीत."

"कोणी कुठे नेणार नाही," मृणाली म्हणाली. "बायबिय काही नव्हतं, पप्पा. मी होते. मृणाली. चार दिवस तुमच्या तोंडासमोर उभी राहून हेच सांगत होते. तेव्हा एकालाही ऐकू आलं नाही. पोरीचा श्वास मी मोजला, रिक्षा मी शोधली, आणि शेवटी मला माकडासारखं घुमावं लागलं. माझंच पोर वाचवायला."

बाकावरची माणसं बघायला लागली. केसरीनाथचा चेहरा हळूहळू बदलला. तो हौसाकडे वळला.

"ही काय बोलते? नाटक व्हतं?"

हौसाने सुनेकडे पाहिलं. मग काचेपलीकडच्या पलंगाकडे.

"तुमाला काय वाटतं, सून बोलंल असं तुमाला? सून बोलली व्हती कधी?" तिने पदर खोचला. "बाय उतरली न्हाय अजून. पाच दिवस न्हाय उतरायची. पोरीला हात लावू नका."

"आई, मी मृणाली आहे," मृणाली ओरडली. "मी."

"हो, माय," केसरीनाथ म्हणाला आणि त्याने हात जोडले.

तिने मनोजकडे पाहिलं.

मनोजने वाकून, देवळाच्या दारात काढतात तसे, पायातले बूट काढले आणि भिंतीशी ठेवले.