वर मारणारी बंदूक

“भोक एकदा पडलं की पडलं,” ओटिस म्हणाला आणि त्याने आपल्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानातल्या मेजावर ड्रिल ठेवलं. “मर्ल वरून माझ्या नावाने ओरडेल.”

“ओरडू देत,” लोर्ना म्हणाली. “सहा वर्षं बाबा या बंदुकीच्या नावाने ओरडत होते. तेवढाच बदल.”

लोर्नाच्या वडिलांची, मर्लची, बंदूक दोघांच्या मध्ये आडवी होती. बारा बोअरची, अक्रोडाच्या दस्त्याची, त्याच्या लग्नापेक्षा जुनी. नेम धरायला नळीच्या टोकावर मोहरीएवढी पितळी माशी, बाकी काही नाही. मर्ल फेब्रुवारीत गेला होता. टर्की पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम शनिवारी उघडत होता आणि लोर्नाने पहिल्यांदाच स्वतःच्या नावाचा परवाना काढला होता. एका परवान्यावर एक नर. तिचा नर ठरलेला होता. छाती फुगवून फिरणारा, रानभर आवाज करणारा आणि कुणाच्या हाती न लागणारा. बापलेकीने त्याचं नाव मेयर, म्हणजे महापौर, ठेवलं होतं. इतक्या वर्षांत मधे एखादा मेयर बदललाही असेल. वागणूक तीच होती.

आई गेल्यापासून दर मे महिन्यात लोर्ना आठ दिवसांची रजा टाकून पिट्सबर्गहून यायची. पहाटे दोघं ओकच्या बुंध्याला पाठ टेकून बसायची. मर्ल मादीचा आवाज काढायचा. आठवड्यात एकदा तरी मेयर डौलात पुढे यायचा, तीस पावलांवर थांबायचा, मान उंच करायचा. मर्ल चाप ओढायचा. मेयर उडून जायचा. “ही म्हातारी वरच मारते,” मर्ल बंदुकीकडे बघून म्हणायचा. मग घरी येऊन अंडी, स्क्रॅपल म्हणजे डुकराच्या मांसाच्या तळलेल्या वड्या आणि दुपारपर्यंत मेयरची निंदा.

“मला तो पक्षी हवाय, ओटिसकाका,” लोर्ना म्हणाली. “बाबांच्याच बंदुकीने. पण ती सरळ मारणार असेल तर.”

ओटिसने नाखुशीने, नेम धरायला बंदुकीवर बसवायच्या दोन जोडण्यांची खोकी उघडली. “ही हिरव्या काड्यांची. दोन मागे, एक पुढे. तिन्ही एका रांगेत आणायच्या. तोवर पक्षी जेवून झोपलेला असतो.”

“आणि ती?”

“लाल ठिपका. काचेत दिसतो. ठिपका मानेवर ठेवायचा आणि चाप ओढायचा. डोकं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. आळशी माणसांचं काम.”

“मग तीच द्या.”

“तिच्यासाठीच बंदुकीला भोकं पाडावी लागतात. मर्ल हिला खेळणं म्हणायचा.”

“बाबांना सहा वर्षांत एक पीस मिळालं नाही.”

ओटिसने लाल ठिपक्याचं खोकं पुढे ओढलं. पण दुकानाचा एक नियम होता आणि तो त्याने मर्लच्या लेकीसाठीही मोडला नाही. काहीही बसवण्याआधी बंदूक कागदावर मारून बघायची. किती वर मारते ते कळल्याशिवाय ड्रिलला हात लावायचा नाही.

“त्यालाही दरवर्षी सांगायचो,” मागच्या दाराकडे जाताना तो म्हणाला. “आण, कागदावर बघू. तर म्हणे, माझी बंदूक मला माहीत आहे. आडमुठा!”

चाळीस पावलांवर फळी उभी होती. तिच्यावर टर्कीची मान काढलेला कागद. लोर्नाने वाळूच्या पिशवीवर नळी टेकवली.

“गाल दस्त्यावर,” ओटिस म्हणाला. “पक्षी बघायला डोकं उचललंस की छर्रे वर जातात.”

“माहीत आहे. मी नऊ वर्षांची असताना बाबांनी माझा गाल दस्त्याला चिकटपट्टीने चिकटवला होता.”

“तुझ्या एकटीचा नाही. अर्ध्या गावाचे गाल चिकटवलेत त्याने. माझासुद्धा.”

तिने पितळी माशी मानेवर धरली आणि चाप ओढला.

ओटिस कागद घेऊन आला. मानेत आणि डोक्यात सतरा छर्रे होते. डोक्याच्या वरचा भाग कोरा होता.

“वारा असेल,” ओटिस म्हणाला.

“कुठे आहे वारा?”

त्याने दुसरा कागद लावला. पुन्हा मानेतच. तिसऱ्या वेळी तिला बाजूला करून तो स्वतः बसला, बराच वेळ दस्त्यावर गाल घासत राहिला आणि मग चाप ओढला. कागदाला मान उरली नाही.

ओटिस लालबुंद झाला. “लबाड! सहा वर्षं माझ्या दुकानात, माझी कॉफी पीत, या गरीब बंदुकीला शिव्या घातल्या त्याने. आणि मी त्याचं सांत्वन करत होतो!” मग त्याने कागदाकडे पुन्हा पाहिलं. “डोळे गेले होते का गं त्याचे?”

“नाही. जानेवारीपर्यंत मासे धरायच्या बारीक गळांना पिसं बांधत होते. चष्म्याशिवाय.”

“हात कापायचा?”

“नाही.”

ओटिस डोकं खाजवत मेजाशी आला. त्याने ड्रिल उचललं, बंदुकीकडे पाहिलं, आणि ड्रिल पेटीत ठेवून झाकण लावलं.

“तू दर वर्षी यायला लागल्यापासून एकदा तरी लागली होती का ही कुठल्या पक्ष्याला?”

“एकदाच. सात वर्षांपूर्वी, मी पहिल्यांदा आले तेव्हा. आठ दिवसांची रजा होती. पहिल्याच सकाळी नर पडला.”

“मग?”

लोर्ना तिन्ही कागद एकमेकांवर ठेवून कडा जुळवत होती. 

“परवाना संपला, शिकार संपली,” ती म्हणाली. “त्याच दिवशी दुपारच्या बसने मी परत गेले.”