गरम असतानाच

"श्वास रोखा," पोटावर यंत्र फिरवत डॉक्टर म्हणाले. बेकरीवाल्याने रोखला. महिनाभर रोखूनच धरला होता म्हणा ना!

त्याच्या ताईचं यकृत पार कामातून गेलेलं. ह्याच्या यकृताचा तुकडा तिला चालणार होता, पण ह्याचंच चरबीनं माखलेलं. जन्मभर केक चाखून दुसरं काय होणार? डॉक्टरांनी बजावलं होतं, "तळलेलं, गोड बंद. पालेभाज्यांचा पाला भरपूर खा. तेलकट खाण्यानं यकृतावर जो मारा होतो, तो पाल्यातली द्रव्यं थोडाफार झेलतात. चरबी उतरली तरच शस्त्रक्रिया. आणि ताईंच्या हातात फार दिवस नाहीत."

ताईने आधी आकांडतांडव केलं. आई गेल्यावर हिनेच त्याला कडेवर घेऊन वाढवलेलं. "तुझ्या पोटाला सुरी लागण्यापेक्षा मी मेलेली बरी!" मग एका सकाळी एकदम निवळली. "बरं बाबा, दे. पण तुझं सूप मीच करणार."

भिंतीला धरून उभी राहायची, पाला शिजवून घुसळायची, वाडगा हातात देऊन समोर बसायची. "गरम गरम पी, बाळ्या. गार झालं की पाल्याचा गुण जातो." जीभ पोळली तरी तो घटाघटा प्यायचा. वाडग्यात उरलेलं सूप मांजर चाटूनपुसून साफ करायची. "पाला खाणारी मांजर! हिलाही कुणाला यकृत द्यायचंय वाटतं," तो म्हणायचा. ताई पोट धरून हसायची.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "चरबी वाढलीय. चोरून खाता का हो?"

"आईशप्पथ नाही! कणभर केक चाखला असेल तर..." त्यानं हात जोडले. "अजून थोडे दिवस द्या, डॉक्टर. पाया पडतो तुमच्या."

"दिवस मी कुठून आणू? तुमचं यकृत नाही घेता येणार."

घरी आला तेव्हा ताई आतल्या खोलीत पडून होती. तिला कोणत्या तोंडानं सांगणार? स्वतःच्या पोटाची त्याला किळस वाटली. स्वयंपाकघरातच ओट्याला टेकून तो ढसाढसा रडला.

तपासणीला उपाशीपोटी जायचं होतं, म्हणून सकाळचा वाडगा तसाच झाकलेला होता. तिनं एवढं मर मर मरून केलेलं, वाया कशाला घालवायचं? त्यानं ताटली उचलली.

"बाळ्या, आलास का?" आतून ताई धडपडत उठल्याचा आवाज आला. "ते सूप पिऊ नकोस रे, गार झालंय! ओतून दे आधी!"

सुपावर लोण्याचा बोटभर जाड थर गोठला होता.