मन शांत करायची मशीन

डोळ्यांवर ते काळं झाकण चढताच गुणाबाई दचकली.

“रंजीता, आत लाल-निळं लुकलुक करून राह्यलं वं. डोळे मिटले तरी दिसते.”

“तसंच असते, माय. पाहत राह्य. मन शांत होते म्हणतात.”

रंजीताने आईच्या कानांवर आवाजाचे गोल कप बसवले. आधी झुळझुळ पाणी वाजलं. तिने घाईघाईने ते बदलून तंबोऱ्याचा सूर लावला. या घरात पाण्याचा आवाज नको होता. मृगाच्या तोंडावर तिचा धाकटा भाऊ अमर अडकलेलं जाळं सोडवायला तलावात उतरला, तो जिवंत वर आलाच नाही. डोंग्यात बाप होता.

तेव्हापासून गुणाबाईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. कधीही उठायची, तलावाच्या पाळीवर जाऊन बसायची. एक दिवस तीही पाण्यात उतरेल, ही रंजीताची धास्ती. चंद्रपूरच्या ज्या दवाखान्यात ती नर्स होती, तिथल्या एका बाईकडून तिने ही मशीन मागून आणली होती.

बापाचं, नानाजीचं, वेगळं. कीर्तनात लेकराच्या वियोगाचं आख्यान लागलं की याच्या डोळ्यांना धार लागायची, हातातले टाळ चुकायचे. बुवा मध्येच थांबून म्हणायचे, “नानाजीभाऊ, थोडे आसू उद्याच्यासाठी ठेवा.” तोच नानाजी पोटच्या पोराला अग्नी देऊन कोरड्या डोळ्यांनी घरी आला. टाळ खुंटीला गेले. जेवण दोन घासांवर आलं. अंग नुसतं झिजत चाललं होतं.

“बाबा, तुम्हीपण लावून पाहा न.”

“मले काय झालं? तिलेच लाव. मीच खचलो तं तिले कोण सांभाळन?”

“मग जवळ बसत जा. हे लावलं का तिले काही दिसत नाई, ऐकू येत नाई.”

“म्हणजे लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी बोलीन अन् तुझी माय मधात बोलणार नाई,” नानाजी म्हणाला. हसलं मात्र कोणी नाही.

पोळा झाल्यावर रंजीता आली, तर घराची कळा बदललेली. बाप ताटावर बसून भात मागून घेत होता. टाळ खुंटीवरून उतरले होते.

“दुपारी जेवली का मशीन लावते तुझी माय,” तो म्हणाला. “तासभर देवीसारखी बसते. मी हलत नाई जवळून.”

तो हात धुवायला अंगणात गेला. रंजीताने आईकडे पाहिलं.

“फरक पडला, माय?”

“पडला वं. बराच पडला.”

रंजीताला भरून आलं. देवानेच ही बुद्धी दिली, असं वाटलं. “मग आता घेऊन जातो. ज्या बाईची आहे तिले परत द्या लागते.”

गुणाबाईने मशीनवर हात ठेवला. “नको नेऊ.”

“काऊन? तू तं बरी झाली.” रंजीताने सहज बटण दाबलं. उजेड नाही, आवाज नाही. चार्जर लावून पाहिला. काहीच नाही.

“माय, हे तं बंद पडली. कवापासून?”

“तू गेली त्याच आठवड्यात.”

“अन् तरी रोज लावून बसते?”

गुणाबाईने दाराकडे एकदा पाहिलं.

“हळू बोल. मले काही ऐकू येत नाई असं समजून तुझा बाप माझ्यापाशी बसून रडते.”