उजवा खांदा

परीक्षक महाशय, तुम्ही त्या पोरीला डमीच्या भरवशावर नापास केलंत. फॅशन डिझाइनच्या शेवटच्या परीक्षेला तिने स्वतःच्या आईसाठी जॅकेट शिवलं होतं. बावीस वर्षं कारखान्यात मशीनवर वाकून आईचा उजवा खांदा दोन बोटं खाली उतरलाय. पोरीने माप तसंच घेतलं, कापडही तसंच बेतलं. तुम्ही ते डमीवर, त्या सरळ खांद्यांच्या पुतळ्यावर चढवलंत, आणि ते वाकडं लोंबलं.

"सर, आई बाहेर बाकावर बसलीये. तिच्या अंगावर बघा ना एकदा."

"नियमात डमी आहे बाळ, आई नाही," तुम्ही म्हणालात, आणि शेजारचे दोघे परीक्षक फिदीफिदी हसले.

आईने स्वतःलाच बोल लावला. "माझंच मेलीचं अंग वाकडं. आण इकडे ते!" पोर नको नको म्हणत असताना तिने शिवण उसवली, आत दुमडलेली जादा कापडाची माया काढून खांदा सरळ केला. फेरपरीक्षेत तुम्ही "वा, काय फिटिंग!" म्हणालात आणि पैकीच्या पैकी दिलेत.

जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवणाऱ्या त्या बाईच्या अंगावर नीट बसलेला तो एकुलता एक कपडा होता. आता तिने काय घालायचं? बोला की!