खालची घडी

कागद धनूच्या तोंडात होता. वर्षानं बोट घालून तो बाहेर काढला, पण हाती आला तो नुसता लगदा. धनू दोन दात दाखवून हसली. दहा महिन्यांच्या लेकीवर रागावणार तरी किती?

अकरा वाजून गेले होते. पेनड्राइव्हमध्ये एका मराठी शाळेतल्या दोनशे बारा मुलांची प्रगतिपत्रकं होती, प्रत्येकाची वर्डची फाइल वेगळी. पर्वत पाटिया भागातल्या छपाईवाल्या भूपेंद्रभाईंच्या मशीनवर ती तशीच उघडली, की मराठी अक्षरांचे चौकोन होत. म्हणून सगळ्यांची पीडीएफ करायची, जोडायची आणि एका कागदावर दोन अशी लावून द्यायची. वर्षाचं हे पहिलं मोठं काम. भूपेंद्रभाईंनी सकाळीच बजावलं होतं, "वर्षाबेन, एक बजे तक नहीं आया तो काम दूसरे को. बुरा मत मानना."

एकेक फाइल उघडत बसलं तर दिवस मावळला असता. पण मैत्रिणीनं, जयश्रीनं, तिला त्याच कागदावर चार ओळी लिहून दिल्या होत्या. कॉम्प्युटरवरच्या काळ्या चौकटीत त्या टाइप केल्या, की सगळ्या फायली एका दमात तयार. मात्र एक टिंब, एक मोकळी जागा चुकली की कॉम्प्युटर हटून बसे. ओळी पाठ होत नव्हत्या. धनू झाल्यापासून वर्षाला दुधाचं पातेलं कुठं ठेवलं तेही आठवत नसे. आज जयश्रीचा फोन लागत नव्हता आणि वर्षाच्या फोनमधलं नेट कालच संपलं होतं.

त्या कागदाच्या तळाशी पाचवी ओळही होती. ती वर्षानं स्वतः लिहिली होती, सासूशी वाजलं त्या दिवशी. "पोरगी रडी ऱ्हायनी न् माय टकटक करी ऱ्हायनी!" भागीरथीबाई साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या होत्या. ओळ लिहून वर्षानं तेवढा भाग मागं दुमडला, नवऱ्याच्या, सुकदेवच्या नजरेला पडू नये म्हणून. सासूची भीती नव्हती. भागीरथीबाईंना वाचताच येत नव्हतं.

वर्षा लगदा मुठीत धरून बसली. डोळे भरून आले.

"काय व्हयनं वं?" भागीरथीबाईंनी विचारलं. गोडादरा वस्तीतल्या त्या एका खोलीत त्या भिंतीशी बसून साडीवर टिकल्या चिकटवत होत्या. वर्षानं मूठ उघडून दाखवली.

भागीरथीबाई उठल्या. साड्यांच्या गठ्ठ्याखालून त्यांनी एक पुठ्ठा काढला, साडीच्या घडीत घालतात तसला, आणि तिच्यासमोर ठेवला.

"नमुना कधी एकच ठेवतस का? व्यापारी बी परत मागस, उंदीर बी खास. मी उतारी ठेयेल शे."

पुठ्ठ्यावर त्या ओळी होत्या. लिहिलेल्या नव्हत्या, काढलेल्या होत्या. साडीचा काठ उतरवावा तसं एकेक इंग्रजी अक्षर, टिंब, दोन आडव्या रेघा.

"पण यातल्या मोकळ्या जागा, आई?"

"नक्षीमां मोकळी जागा बी मोजेल ऱ्हास. नखघाई मोजी." त्यांनी पुठ्ठ्यावर अंगठ्याचं नख टेकवून दाखवलं, मग धनूला उचलून कडेवर घेतलं. "कर आते टकटक."

वर्षानं अक्षर बघून अक्षर टाइप केलं. पहिली ओळ. दुसरी. काळ्या चौकटीत नावं सरसर धावू लागली. प्रियांका, प्रवीण, चिंधा... दोनशे बारा पोरं एकामागून एक पास झाल्यासारखी. तिसरी ओळ. चौथी. साडेबाराला पीडीएफ तयार होती. तिनं उघडून पाहिली. एकही चौकोन नव्हता.

तिनं पुठ्ठा उचलून कपाळाला लावला. खाली ठेवताना तळाशी नजर गेली.

"ती खालनी नक्षी भलती अवघड व्हती," भागीरथीबाई म्हणाल्या. "मांगे दुमडेल व्हती, तरी सापडनी. दोन डाव पुसी. पण सोडी नही."

तिथं ती पाचवी ओळ होती, इतर ओळींहून जास्त निगुतीनं, एकेक काना, एकेक वेलांटी घोटून काढलेली: पहिला पगार झाला की आईंपासून वेगळी खोली घ्यायची.

वर्षानं त्या ओळीवरून बोट फिरवलं, तशी डोळ्यांतलं पाणी पुठ्ठ्यावर टपकलं. कडेवरच्या धनूला झोप लागली होती.

"काब्र रडस? चुकी गयी का मी?"

"नाही, आई," वर्षा म्हणाली, "तुम्ही अगदी बरोबर उतरवलंत. चूक नमुन्यातच होती."