संत्र्यांच्या शेडमधली चुप्पी

पौर्णिमानं पाऊल आत टाकलं आणि कुजबूज थांबली. आजही. सलग आठवा दिवस.

सहा बायका, समोर संत्र्यांचा ढीग. माणिकबाई पुसणार, पंचफुला लहान-मोठं निवडणार, बाकीच्या पेटीत रचणार. याच सहाजणी आठवड्यापूर्वी दिवसाला दोनशे पेट्या भरत होत्या. आता दीडशेलाच दम लागत होता. एकीचा हात दुसरीच्या हाताला मिळत नव्हता. कधी निवडलेलं संपे आणि रचणाऱ्या बसून राहत, कधी निवडलेलं साचून फळं खाली घरंगळत.

मालक गोवर्धनजींनी सकाळीच फोनवर सांगितलं होतं, "शनिवारपर्यंत दोनशे झाल्या नाई, तं पौर्णिमाताई, तुमी अकोल्याले परत जा." बारा वर्षं पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्यावर कुठे तिला अमरावतीची ही मॅनेजरकी मिळाली होती. तीही आठ दिवसांत जाणार होती.

नेमताना हेच गोवर्धनजी म्हणाले होते, "सांभाळून राहा. या बायांनं दोन मॅनेजर पळवून लावले." डोक्यात किडा वळवळायला एवढं पुरे असतं. पौर्णिमा पहिल्या दिवशीच कपाळाला आठ्या घालून आली होती. दोघी एकदम पाणी प्यायला उठल्या की तिला कट दिसे. डबा खाताना कुणी हसलं नाही, तर तोही कट. बिचारी साप साप म्हणून भुई धोपटत होती.

दुपारी मात्र तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. ती पेट्यांच्या थप्पीमागे होती आणि माणिकबाई सांगत होती, "रविवारी सगळ्या मिळून जाऊ तिच्या घरी. तिले आधी सांगू नोका."

घरी! पौर्णिमा थप्पीमागून तरातरा बाहेर आली. संतापात मॅनेजरची पुस्तकी मराठी गळून पडली.

"काहून? घरी येऊन काय तमाशा कराचा हाये? मी काय बिघडवलं तुमचं? सांगा ना तोंडावर!"

सहाही जणींचे हात थांबले. माणिकबाई पदर सावरत उठली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पौर्णिमा आणखीच गोंधळली.

"तमाशा कायचा वं माय? बसाले येणार होतो. दुःखाच्या घरी जा लागते ना. पहिल्या दिवशी मी पेढा देल्ला, तं तुमी म्हणलं, गोड बंद केलं. गोड कोण बंद करते? ज्याच्या घरी मयत झाली तो. वरून तोंड असं उतरलेलं. म्हणून आमी हसणं बंद ठेवलं, गाणं बंद ठेवलं. गाण्याबिगर आमचे हात चालत नाई, पण दुःखातल्या माणसासमोर गावं कसं?"

पौर्णिमा मटकन रिकाम्या पेटीवर बसली. आठ दिवसांत पहिल्यांदाच तिला स्वतःची लाज वाटली.

"अवं मावशी, कोणी नाई गेलं," ती कशीबशी म्हणाली. "वजन वाढलं म्हणून गोड सोडलं मी."

माणिकबाईनं कपाळावर हात मारला.

"मंग आठ दिवस आमी सुतक कोणाचं पाळून राहिलो वं?"